नाइटिंगेलबाईंची वही

हातात दिवा घेऊन रात्री सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख आपल्याला असते. मला त्यांच्या दिव्यापेक्षा त्यांची वही मोठी वाटते.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. रुग्णसेवा हे तेव्हा हलके काम समजत, त्यामुळे घरून कडाडून विरोध झाला. तरी जर्मनीत जाऊन त्या ते शिकल्याच. गणिताची आवड मात्र लहानपणापासूनची.

नोव्हेंबर 1854 मध्ये 38 परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. क्रिमियाच्या युद्धातले जखमी आणि आजारी सैनिक तिथे येत. डॉक्टरांच्या आज्ञेशिवाय रुग्णाला काहीही द्यायचे नाही, असा कडक नियम बाईंनी घातला. समोर सैनिक कण्हत असताना थांबून राहायचे, म्हणून काही परिचारिका चिडल्याही. त्या रुग्णालयात मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या आणि तिन्हींचे आकडे जुळत नसत! किती गेले हेच ठाऊक नाही, तर कशाने गेले हे कोण सांगणार?

हे वाचताना मला आईची आठवण झाली. ती मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर आहे, सध्या जबलपूरला. (आई फौजेत आहे म्हटले की आमच्या हॉस्टेलमधली मुले विचारतात, म्हणजे ऑफिसात का?) ड्यूटी संपल्यावरही तिला घरी यायला उशीर होतो, कारण औषधांचे चार्ट पुरे करायचे असतात. सुट्टीत मी तिला त्याबद्दल विचारले. रुग्ण, औषध, मात्रा, वेळ आणि औषध तोंडाने द्यायचे की सुईने, हे सारे ताडून पाहायचे. औषध दिल्यानंतरच वेळ लिहून सही करायची, आधी नाही. दिले नसेल तर कारण लिहायचे. एक चौकोन रिकामा राहिला तर रात्रपाळीच्या सिस्टरला कळत नाही की डोस दिला की राहिला. पुन्हा दिला तर जास्त होईल, न दिला तर चुकेल. दोन्हीकडून धोका जवानालाच.

युद्धानंतर नाइटिंगेलबाईंनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर सगळे आकडे तपासले. जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त सैनिक गेले होते. मार्च 1855 नंतर गटारे साफ झाली, हवा खेळू लागली, तेव्हा स्कुटारीतले मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे त्याआधी त्यांच्याच रुग्णालयात, त्यांच्या डोळ्यांसमोर, घाणीने माणसे मरत होती. अन्न आणि कपडे कमी पडले म्हणून सैनिक गेले, असे त्या तोवर मानत होत्या. आकडे स्वतःच्या विरुद्ध गेले, तरी त्यांनी ते दडवले नाहीत. रंगीत आकृती काढून 1858 साली सरकारपुढे ठेवले. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे धाडस हेच.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पण इथल्या छावण्यांना त्यांनी प्रश्नांचे छापील तक्ते पाठवून माहिती मागवली. इथे इंग्रज सैनिकांमध्ये वर्षाला हजारी 69 मृत्यू होत होते. पाणी, गटारे आणि बराकी सुधारल्यावर 1873 पर्यंत ते 18 वर आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. 1888 साली लष्करी रुग्णालयांसाठी दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. आईची सर्व्हिस तिथून सुरू होते.

13 ऑगस्ट 1910 रोजी नव्वदाव्या वर्षी बाई वारल्या. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मानाने दफन करण्याची तयारी होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी नाही म्हटले. गावच्या चर्चमधील दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावही नाही. दोन आद्याक्षरे आहेत आणि जन्ममृत्यूच्या तारखा.