सुभेदार रामजींना काय मिळालं?

भरतीसाठी पहाटे आंजी (मोठी)च्या रस्त्यावर धावत असाल, तर आज एका सुभेदाराबद्दल वाचा. रामजी मालोजी सकपाळ. बाबासाहेबांचे वडील, यापलीकडे आपल्याला ते फारसे माहीत नसतात.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील मालोजीही पलटणीतच. गावच्या शाळेत महारांच्या पोरांना कोण बसू देणार? पण ब्रिटिशांच्या पलटणीत सैनिकांच्या मुलांना शिकणं सक्तीचं होतं. रामजी शिकले, पुण्यात शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं आणि लष्करी शाळेत १४ वर्षं हेडमास्तर राहिले. १८९१ मध्ये महूच्या छावणीत भीमराव जन्मले. पुढे रामजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पेन्शनीवर घर चालू लागलं. त्याच सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद करून टाकली.

आता जरा रोमला जाऊ या. तिथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात परक्या मुलखातला शिपाई २५ वर्षं लढला, की त्याला आणि त्याच्या मुलांना रोमचं नागरिकत्व मिळायचं. पुरावा म्हणून कांस्याचा पत्राही.

आणि आपल्या सुभेदाराच्या मुलांना? १९०१ च्या सुमारास रामजी गोरेगावला कॅशियर होते. त्यांना भेटायला भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून निघाले, मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं, बैलगाडी स्वतः हाकली. डबा सोबत होता, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही.

पलटणीकडून रामजींना एक गोष्ट मात्र मिळाली होती, जी कुणाला काढून घेता येत नव्हती: शिक्षण. तीच त्यांनी पोराला दिली. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. पोराला अभ्यासाला जागा मिळावी म्हणून ते रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून स्वतः झोपायचे. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवायचे.

२ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

तेव्हा भरतीचा फॉर्म भरा, बिनधास्त भरा. पगार किती, पेन्शन आहे का, हेही विचारा. फक्त तिथे शिकायला काय मिळेल, हे विचारायचं विसरू नका.