मेहबूब पटेलचा अमर शेख झाला तो आमच्या कोल्हापुरात

होळी झाली की आमच्या हातकणंगले तालुक्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. कुठं ग्रामदैवताची यात्रा, कुठं पिराचा उरूस. कित्येक गावांत उरुसाचा मान पाटलाकडं आणि देवळाच्या पालखीपुढं वाजवणारा मुसलमान, यात कुणाला नवल वाटत नाही. पंधरा-वीस दिवस आधी कमिटीची बैठक बसते आणि एकाच गोष्टीवर रात्र जाते. सुपारी कुणाची द्यायची? म्हातारी मंडळी तमाशा म्हणतात, मधल्या वयाची ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि पोरांना भिंतीएवढे स्पीकर लावलेला डीजे हवा असतो. बहुतेक वेळा पोरंच जिंकतात.

मागच्या हंगामात अशाच एका बैठकीत आम्ही बसलो होतो. मोहल्ल्यातल्या एका पोरानं पोवाडा म्हणायची इच्छा सांगितली. कॉलेजात शिकणारा पोरगा, आवाज खणखणीत. क्षणभर सगळे गप्प झाले. एकानं हसत विचारलं की पोवाडा आणि तुम्ही, हे कसं जमायचं. पोरगा घरी परतला तर तिथंही आपल्याच एका बुजुर्गांनी डफ-तुणतुणं आपल्या घरात शोभत नाही असं सुनावलं. दोन्हीकडून एकच दार बंद. त्या रात्री त्या पोराला आम्ही ज्या माणसाची गोष्ट सांगितली, तीच इथं लिहितो आहोत.

शाहीर अमर शेख यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत, गरीब मुसलमान घरात. आईचं नाव मुनेरबी. मुनेरबींना लोकगीतं येत, आणि पोराच्या कानावर पहिलं गाणं पडलं ते आईच्या तोंडचं. मराठी मुसलमानाची मातृभाषा कोणती, यावर आजही वाद घालणारे घालतात. मेहबूबच्या बाबतीत तो प्रश्न आईनंच मिटवून टाकला होता.

शिकायची आवड होती, पण पोटापुढं शिक्षण टिकलं नाही. काही दिवस मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. गिरणीत संप झाला तेव्हा हा पोरगा पुढं होता आणि त्यापायी नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या तुरुंगात गेला. तिथं साम्यवादी कार्यकर्त्यांची संगत लाभली. गाणं घरातून आलं होतं, ते कशासाठी गायचं हे तुरुंगात कळलं.

आता आमच्या भागाचा धागा. तुरुंगातून सुटल्यावर मेहबूब कोल्हापूरला आला आणि मास्टर विनायकांच्या स्टुडिओत कामाला लागला. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं मोठं कारखानदार शहर. बाबूराव पेंटरांपासूनची परंपरा, शालिनी सिनेटोन, जयप्रभा. आसपासच्या खेड्यांतली किती माणसं त्या स्टुडिओंत सुतार, रंगारी, गर्दीतले नट म्हणून राबली असतील, त्याची गणती कुणी ठेवली नाही. या पोराला मात्र कोल्हापूरनं एक मोठी गोष्ट दिली. तिथल्या मित्रांनी त्याला अमर शेख हे नाव ठेवलं. बार्शीनं मेहबूब दिला, अमर कोल्हापूरनं दिला. आम्हा कोल्हापूरकरांना कुस्ती, चप्पल आणि तांबड्या रश्शाचा अभिमान सांगायची हौस फार. या नावाचा अभिमान सांगताना आम्ही फारसं कुणाला ऐकलं नाही.

आणि शाहिरी तर या मातीला नवी नव्हतीच. कोल्हापूर भागात सत्यशोधक विचाराचे पोवाडे गाणारे शाहीर लहरी हैदर होऊन गेले. पुढं ज्यांचा डफ कोल्हापूरभर गाजला ते पिराजीराव सरनाईक त्यांना गुरू मानत. त्याही मागं गेलं तर पेशवाईच्या अखेरीस होनाजी बाळाच्या बरोबरीनं नाव घेतलं जाणारे सगनभाऊ, जेजुरीकडचे मुसलमान शिकलगार. तलवारींना धार लावणारा माणूस लावण्या रचत होता आणि फडावर लोक त्या डोक्यावर घेत होते. बैठकीतल्या त्या हसऱ्या माणसाला हे ठाऊक असतं तर त्यानं प्रश्न विचारला नसता.

अमर शेखांचं खरं काम सुरू झालं ते मुंबईत. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावचे अण्णा भाऊ मातंग समाजातले. त्यांचं लेखन, गव्हाणकरांची साथ आणि अमर शेखांचा गळा. जात-धर्माच्या खान्यात घालू पाहणाऱ्याला हे पथक कुठंच घालता आलं नसतं.

या पथकानं काय केलं हे समजायला तमाशाची मांडणी ठाऊक हवी. जुन्या तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी ढोलकी, सोंगाड्या, झीलकरी, हजरजबाब सगळं ठेवलं; पण गणात मातृभूमीला, राबणाऱ्या हातांना मुजरा घातला, गवळण काढून टाकली आणि वगात राजा-राणीच्या जागी सावकार, शेठजी, पुढारी, शेतकरी उभे केले. पुढं याला लोकनाट्य म्हणू लागले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावं तेव्हाच्या कामगार वस्त्यांत घरोघर माहीत होती. खर्च म्हणाल तर काहीच नाही. पडदा नको, नेपथ्य नको. चार फळ्यांचा मंच आणि एक बत्ती मिळाली की खेळ उभा. म्हणूनच तो चाळीच्या पटांगणात पोचला आणि गावच्या चावडीपुढंही पोचला. आज एका रात्रीच्या डीजेला जेवढे पैसे मोजतात, तेवढ्यात असली किती पथकं जगली असती, हा हिशेब आमच्या मनातून जात नाही.

सरकारला हे रुचलं नाही. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. गाणारा माणूस बंदीनं गप्प बसत नसतो. बंदीचा असाही परिणाम झाला की पथकाचं नाव जिथं पोचलं नव्हतं तिथंही पोचलं.

१९४७ मध्ये त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं. पुढं त्या ज्योती म्हणून ओळखल्या गेल्या. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्याच कन्या. घर मुंबईतलं, कार्यकर्त्यांचा राबता असलेलं. पैसा मात्र कधी टिकला नाही. आपल्या समाजात कलावंताचं कौतुक त्याच्या मरणानंतर होतं. जिवंतपणी घरातल्या बाईनं डबा कसा भरला, ते कुणी विचारत नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात सभा-सभांतून गाजली. गावी राहिलेल्या बायकोच्या विरहातून बेळगाव, कारवार, निपाणी तुटल्याचं दुःख सांगणारी ती रचना. आमच्या तालुक्यातून निपाणी काही लांब नाही. इथल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी सीमेपलीकडं आहेत, मोहल्ल्यातल्याही आहेत. म्हणून ते गाणं आमच्याकडं नुसतं गाणं म्हणून कुणी ऐकलं नाही. त्यांचा आवाज एवढा पहाडी की अफाट सभाही ते सुरुवातीच्या ललकारीतच गप्प करत, असं ऐकलेली माणसं सांगत. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी केली होती. गोवा मुक्तीच्या लढ्यातही ते गायले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव-निपाणी राहिलं ते राहिलंच.

ते नुसते दुसऱ्याचं गाणारे नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. १९६१ च्या ‘प्रपंच’ सिनेमात सुलोचनाबाईंबरोबर त्यांनी केलेली भूमिका जुन्या लोकांना अजून आठवते. १९६२ मध्ये चीननं हल्ला केला तेव्हा साम्यवादी चळवळीत दोन तट पडत होते. अमर शेख डफ घेऊन देशाच्या संरक्षण निधीसाठी गात हिंडले.

समाजातल्या काहींना त्यांचं साम्यवादी असणं खटकायचं, आजही खटकतं. आमचं तसं नाही. त्यांच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत आहोत असंही नाही. पण कष्टकऱ्याचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण आम्ही लहानपणापासून मदरशात ऐकली, आणि हा माणूस तीच मजुरी आयुष्यभर गाण्यातून मागत राहिला. त्याला परका कसं म्हणायचं, ते आम्हाला जमलेलं नाही.

२९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. वय ५२. त्याआधी दीड महिन्यापूर्वी, १८ जुलैला अण्णा भाऊ गेले होते. एका पावसाळ्यात दोघंही संपले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. आमच्या भागातल्या एखाद्या रंगमंचाला त्यांचं नाव दिल्याचं मात्र आमच्या पाहण्यात नाही.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. कमिटीनं अखेर डीजेच्या आधी त्याला दहा मिनिटं दिली. डफ एका मराठा मित्राच्या आजोबांचा होता, कातडं सैल पडलेलं. शेकोटीवर धरून ताणून घ्यावं लागलं. दहाची बावीस मिनिटं झाली. स्पीकरवाला दोनदा घड्याळ दाखवून गेला, पण मंडपातून कुणी उठलं नाही. घरचे बुजुर्ग मागं, रसवंतीच्या आडोशाला उभे होते. ते आल्याचं आम्ही पोराला सांगितलं नाही, त्यांनीच तसं बजावलं होतं.