विश्लेषण : कादंबरी कामगारांवर, कायदा मांसावर! अप्टन सिंक्लेअर यांच्यामुळे अमेरिकेतील खिमा कसा बदलला?

अमेरिकेत दुकानातून बीफचा खिमा घेतला की पाकिटावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, सरकारी तपासणीचा गोल शिक्का. दुसरी, खिमा कसा हाताळावा हे सांगणारी छोटी चौकट : थंड ठेवा, इतर पदार्थांपासून वेगळा ठेवा, पूर्ण शिजवा, हात आणि भांडी धुवा. शिक्क्याचे मूळ १९०६ च्या कायद्यात आहे. चौकट सक्तीची झाली ती थेट १९९४ मध्ये. शिक्का असताना चौकटीची गरज का पडली, हे समजून घ्यायचे तर अप्टन सिंक्लेअर या लेखकाची गोष्ट माहीत हवी. कायदा झाला तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते आणि त्यांना हवा होता तो कायदा हा नव्हेच.

अप्टन सिंक्लेअर कोण होते?

सिंक्लेअर यांचा जन्म २० सप्टेंबर १८७८ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील दारूविक्रीच्या धंद्यात होते आणि स्वतःच दारूच्या आहारी गेले. आईचे माहेर मात्र श्रीमंत. त्यामुळे एक रात्र ढेकणांनी भरलेल्या स्वस्त खोलीत, तर दुसरी आजोळच्या मऊ गादीवर, असे त्यांचे बालपण गेले. श्रीमंती आणि गरिबी एकाच घरात पाहिल्याने आपण समाजवादाकडे वळलो, असे ते पुढे सांगत.

कुटुंब न्यू यॉर्कला गेल्यावर चौदाव्या वर्षी ते सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. फी आणि घरखर्च भागवण्यासाठी मासिकांना विनोद विकायचे, मुलांसाठी साहसकथा लिहायच्या, असा उद्योग सुरू झाला. हात इतका वेगवान की रोज हजारो शब्द लिहून व्हायचे. १९०० मध्ये लग्न, १९०१ मध्ये मुलगा. गंभीर कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या चालल्या नाहीत आणि घरात पैशांची कायम चणचण. १९०४ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी आणि यादवी युद्धाच्या काळावर ‘मनॅसस’ ही कादंबरी आली. तीही फारशी खपली नाही, पण ती कॅन्सासमधून निघणाऱ्या ‘अपील टू रीझन’ या समाजवादी साप्ताहिकाचे संपादक फ्रेड वॉरन यांच्या वाचनात आली. काळ्या गुलामांवर लिहिलेत, आता पगारी गुलामांवर लिहा, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यासाठी ५०० डॉलर आगाऊ मिळाले.

शिकागोत सात आठवडे

त्या काळी शिकागो हे अमेरिकेचे खाटीकघर होते. १८६५ मध्ये सुरू झालेल्या युनियन स्टॉक यार्ड्समध्ये रेल्वेने जनावरे यायची आणि मोजक्या बड्या कंपन्या ती कापून, डबाबंद करून देशभर आणि परदेशी पाठवायच्या. १९०४ च्या उन्हाळ्यात तेथील कामगारांनी संप केला आणि तो फसला. त्यानंतर काही आठवड्यांतच सिंक्लेअर तेथे पोहोचले.

त्यांची युक्ती साधी होती. जुने, मळकट कपडे घालायचे आणि हातात जेवणाचा डबा ठेवायचा. डबा घेऊन चाललेल्या माणसाला कोणी हटकत नव्हते. दिवसा कारखान्यांतून फिरायचे, संध्याकाळी कामगारांच्या घरी बसून ऐकायचे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी लिहिणारे अॅडॉल्फ स्मिथ तेव्हा शिकागोतच होते. युरोपातील कत्तलखाने पाहिलेल्या स्मिथ यांच्यामुळे, इथे जे चालते ते इतरत्र चालत नाही, हे सिंक्लेअर यांना कळले. एका रविवारी ते सहज एका लिथुआनियन लग्नाच्या मेजवानीत शिरले आणि कादंबरीचे पहिले प्रकरण तेथेच मिळाले.

१९०४ च्या नाताळच्या दिवशी न्यू जर्सीतील प्रिन्स्टनजवळ एका छोट्या लाकडी खोपटात त्यांनी लिखाणाला सुरुवात केली. ‘द जंगल’चा नायक युर्गिस रुडकस हा लिथुआनियातून आलेला धडधाकट तरुण. कष्ट केले की सगळे ठीक होईल, हा त्याचा विश्वास. पुढे दुखापत, बेकारी, घर जाणे, बायको-मुलाचा मृत्यू असे एकेक आघात होत तो पार मोडतो. आम्लाने झिजलेली कामगारांची बोटे, क्षयाचे खोकले, थंडीत रक्ताने गोठलेले बूट असे सगळे त्यात आहे.

मांसाविषयीचा मजकूर तीनशेहून अधिक पानांच्या पुस्तकात मोजक्याच पानांवर येतो. युरोपातून परत आलेले बुरशी धरलेले सॉसेज रसायने लावून पुन्हा यंत्रात, गोदामात मांसावर उंदरांची विष्ठा, त्यांना मारायला ठेवलेला विषारी पाव आणि मेलेले उंदीर, सगळे एकाच घाण्यात. वाचकांच्या डोक्यात राहिली ती हीच पाने.

राष्ट्राध्यक्षांनी चौकशी का लावली?

१९०५ मध्ये ‘अपील टू रीझन’मध्ये कादंबरी क्रमशः छापून आली. पुस्तक काढायला मात्र प्रकाशक तयार नव्हते. अखेर डबलडे, पेज या प्रकाशनाने आधी स्वतःचा माणूस शिकागोला पाठवून खातरजमा केली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक बाजारात आणले. ते तुफान खपले आणि काही महिन्यांतच अनेक भाषांत गेले.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना सिंक्लेअर यांचा समाजवाद पसंत नव्हता. पण १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात सैनिकांना मिळालेले खराब डबाबंद मांस त्यांनी क्युबात स्वतः पाहिले होते आणि त्याविषयी साक्षही दिली होती. कृषी खात्याच्या अहवालात कादंबरीला अतिरंजित ठरवले गेल्यावर त्यांनी कामगार आयुक्त चार्ल्स नील आणि समाजकार्यकर्ते जेम्स रेनॉल्ड्स यांना स्वतंत्रपणे पाठवले. दरम्यान, सिंक्लेअर यांनी रूझवेल्ट यांच्यावर पत्रांचा असा भडिमार केला की ते वैतागले. अहवाल दडपला जाईल या शंकेने सिंक्लेअर यांनी मे महिन्यात आपली माहिती ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला देऊन टाकली.

४ जून १९०६ रोजी अहवाल काँग्रेसपुढे आला. कारखान्यांत आधी साफसफाई झालेली असूनही त्यात घाणेरडी लाकडी टेबले, जमिनीवरून फावड्याने उचललेले मांस, हात धुण्याची सोय नसणे अशा नोंदी होत्या. कापलेले एक डुक्कर शौचालयात घरंगळले आणि ते न धुताच पुन्हा आकड्याला लावले गेले, हे तर अधिकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी मांस तपासणी कायद्यावर सही केली. हार्वे वायली यांनी ज्यासाठी अनेक वर्षे झगडा दिला, तो शुद्ध अन्न व औषध कायदाही त्याच दिवशी झाला. (भारताचा अन्न सुरक्षा व मानके कायदा त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, २००६ मध्ये आला.)

कायद्यात काय राहून गेले?

कत्तलीपूर्वी आणि नंतर प्रत्येक जनावराची तपासणी, कारखान्यात स्वच्छतेचे नियम आणि पास झालेल्या मालावर शिक्का, हे कायद्याने आले. पण तपासणीचा खर्च कंपन्यांनी द्यावा आणि डब्यांवर तारीख छापावी या सिनेटमधील तरतुदी कनिष्ठ सभागृहात गळाल्या. खर्च सरकारी तिजोरीतून आणि सरकारी शिक्का मात्र कंपन्यांच्या मालावर. म्हणजे बड्या कंपन्यांचा फायदाच झाला, असे सिंक्लेअर यांचे मत होते. कामगारांसाठी कायद्यात काहीच नव्हते. लोकांना माणसांची दया येईल असे वाटले होते, प्रत्यक्षात त्यांना स्वतःच्या ताटाची धास्ती वाटली, ही खंत त्यांनी आयुष्यभर बोलून दाखवली.

शिक्का असूनही मुले का दगावली?

१९०६ ची तपासणी डोळे, हात आणि नाक यांवर चालायची. गाठी, सडका वास, आजारी अवयव यात सापडतात. जिवाणू सापडत नाहीत. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा प्रकार गुरांच्या आतड्यात त्यांना आजारी न पाडता राहतो आणि कत्तलीच्या वेळी कातडी किंवा आतड्यातून मांसावर येतो. वास नाही, रंग नाही. माणसात मात्र थोडेसे जिवाणूही पुरतात. लहान मुलांत तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

१९९३ मध्ये ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीतील अर्धकच्च्या हॅम्बर्गरमुळे अमेरिकेच्या पश्चिम भागात ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. तेव्हा हॅम्बर्गर शिजवण्याचा केंद्रीय निकष ६० अंश सेल्सियस होता. वॉशिंग्टन राज्याने तो आधीच ६८ अंशांवर नेला होता, पण तो पाळला गेला नाही. १९९४ मध्ये हा जिवाणू असलेला कच्चा खिमा भेसळयुक्त ठरवण्यात आला. १९९६ मध्ये उत्पादनाच्या टप्प्याटप्प्यावर धोका रोखण्याची पद्धत आणि जिवाणूंची प्रयोगशाळेतील चाचणी नियमांत आली.

खिम्यातच धोका जास्त का?

उत्तर यंत्रात आहे. अखंड तुकड्यावर जिवाणू असले तर ते मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर दोन्ही बाजू भाजल्या की मरतात. दळताना पृष्ठभागच आत जातो. शिवाय कारखान्यातील एका घाण्यात अनेक जनावरांचे मांस एकत्र येते, म्हणजे एकाचे जिवाणू सगळ्यात. म्हणूनच अमेरिकी कृषी खाते बीफच्या अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि तीन मिनिटे विसावा सांगते, तर खिम्यासाठी ७१ अंश. चिकनच्या खिम्यासाठी ७४.

रंगावर भरवसा ठेवू नये, हे यातले महत्त्वाचे. खिमा ७१ अंशांच्या आधीच तपकिरी दिसू शकतो, तर कधी पुरता शिजूनही गुलाबी राहतो. खात्री थर्मामीटरनेच होते आणि त्याचे टोक टिक्कीच्या मधोमध, जाड असल्यास बाजूने घालायचे. कच्चा खिमा फ्रिजमध्ये ४ अंशांखाली ठेवून एक-दोन दिवसांत वापरावा. गोठवलेला असेल तर ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्येच सुटू द्यावा. मांस नळाखाली धुण्याची आपली सवय तेथील यंत्रणांना मान्य नाही, कारण शिंतोड्यांबरोबर जिवाणू सिंकभर पसरतात.

महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी असल्याने इथे बीफचा प्रश्न वेगळा, पण दळण्याचे गणित मटण आणि चिकनच्या खिम्यालाही तेच लागू आहे. कुकरमध्ये शिट्ट्या घेऊन केलेल्या खिम्याची चिंता नको. जपायचे ते कबाब आणि कटलेटला. बाहेरून खमंग, आत कोमट, हीच खरी जोखीम. कच्चा खिमा मळलेल्या ताटलीतच तळलेले कबाब काढून ठेवणे, ही दुसरी.

सिंक्लेअर यांचे पुढे काय झाले?

‘द जंगल’च्या पैशांतून त्यांनी न्यू जर्सीत सहजीवनाची वसाहत काढली. मार्च १९०७ मध्ये ती आगीत खाक झाली. कोळसा, तेल, वृत्तपत्रे अशा विषयांवर ते लिहीत राहिले. मधली काही वर्षे शाकाहारी झाले, पुन्हा मांसाकडे वळले. ‘द जंगल’ हे शाकाहाराच्या प्रचाराचे पुस्तक नव्हते, हे त्यांना वारंवार सांगावे लागे. १९३४ मध्ये महामंदीच्या काळात ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी लढले आणि पडले. १९४३ मध्ये ‘ड्रॅगन्स टीथ’साठी पुलित्झर मिळाले.

१९०६ च्या कायद्यात आणखी एक मोठे भोक होते. तो राज्याबाहेर जाणाऱ्या मांसालाच लागू होता. ज्या राज्यात कापले तिथेच विकले जाणारे मांस केंद्रीय तपासणीबाहेर राहिले. हे भोक बुजायला ६१ वर्षे लागली. १५ डिसेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्यांतील तपासणीही केंद्राच्या तोडीची करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या वेळी व्हाइट हाऊसमध्ये ८९ वर्षांचे सिंक्लेअर चाकांच्या खुर्चीत हजर होते. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९६८ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.