थिओबाल्ड स्मिथ : गोवत्सांचा एक उपकारकर्ता

दूषित अन्नातून होणाऱ्या विकारांच्या वार्तांत साल्मोनेला हे नाव तुमच्या वाचनात आले असेल. हे जंतू माणसांस पीडितात, तसे गोठ्यातील कोवळ्या वासरांसही. ज्वर चढतो, रक्तमिश्रित हगवण लागते, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत वासरू दगावते. जे वाचते त्याच्या अंगी जंतू दडून राहून साऱ्या कळपास बाधा होऊ शकते. या जंतुकुलास नाव मिळाले डॅनियल सॅमन या अमेरिकन पशुवैद्याचे. (त्या आडनावातील मुका लकार जंतूच्या नावात मात्र बोलू लागला!) परंतु तो जंतू प्रत्यक्ष हुडकून काढला, तो त्यांच्या हाताखालच्या एका तरुणाने. त्याचेच चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

थिओबाल्ड स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे, जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. घरची भाषा एक, शाळेची दुसरी. घरी कोंकणी बोलून पाटीवर मराठी गिरविणाऱ्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. ती घरची भाषाच पुढे त्यांच्या कामी आली. जंतुशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, आणि त्यातील कॉख यांचे निबंध जर्मन भाषेत होते. १८८३ साली वैद्यकाची पदवी घेऊन स्मिथ वॉशिंग्टन येथे कृषिखात्यात सॅमन यांच्या हाताखाली रुजू झाले. तेथे हे शास्त्र शिकविणारा गुरू नव्हता. त्यांनी निबंध वाचावे, प्रयोग करावे, चुकावे आणि पुन्हा करावे.

डुकरांच्या एका भयंकर साथीचा शोध घेताना १८८५ साली त्यांना हा जंतू सापडला. पुढील वर्षी उष्णतेने मारलेले जंतू त्यांनी कबुतरांस टोचले. मागाहून जिवंत जंतूंची घातक मात्रा दिली, तरी ती कबुतरे जगली. पाश्चर यांच्या लसी दुर्बळ केलेल्या परंतु जिवंत जंतूंच्या होत्या; मेलेला जंतूही शरीरास लढण्यास शिकवितो, हे येथे सिद्ध झाले. निबंधावर मात्र आधी सॅमन यांचे नाव होते आणि स्मिथ यांचे नंतर. १९०० साली जंतुकुलाचे बारसे झाले तेही वरिष्ठांच्याच नावाने. आम्हांस हे खटकते. अर्थात सॅमनही सामान्य पुरुष नव्हते. गुरांच्या संसर्गजन्य फुप्फुसरोगाचे १८९२ पर्यंत त्या देशातून उच्चाटन झाले, ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. आणि गंमत अशी की, डुकरांची ती साथ मुळी या जंतूची नव्हतीच. ती एका विषाणूची, असे पुढे १९०३ नंतर उघडकीस आले. अनुमान चुकले, पण लस करण्याची रीत टिकली.

यानंतर गुरांचा टेक्सास ज्वर गोचिडांमार्फत पसरतो, हे स्मिथ यांनी किलबोर्न यांच्यासह १८९३ साली सप्रमाण मांडले. कीटकादिकांच्या द्वारे रोग कसे पसरतात, या विषयाच्या अभ्यासास त्याने मोठी चालना मिळाली. पुढे हार्वर्ड येथे असता गाईंचा व माणसांचा क्षयजंतू निरनिराळा आहे, हेही त्यांनी १८९८ साली दाखविले.

१९१५ साली ते प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुरोगविभागात आले. नवजात वासरे का दगावतात, या प्रश्नाने त्यांस पछाडले. राल्फ लिट्ल यांच्यासह त्यांनी काही वासरांस आईचा चीक दिला, काहींस दिला नाही. १९२२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : चिकास मुकलेली बहुतेक वासरे आतड्यांतील जंतू रक्तात शिरून मेली, चीक प्यालेली तगली. गाईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भास वारेतून मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषू शकते.

आमच्या बालपणी गाय व्याली की खरवसाकडे सर्वांचे डोळे लागत. वासराचा वाटा आधी काढला की नाही, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही!

आता वासरांस साल्मोनेलापासून वाचविण्यासाठी लस टोचतात. पण अगदी नवजात वासराचे शरीर लसीस पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून गाभण गाईसच विण्यापूर्वी मारलेल्या जंतूंची लस देण्याची एक रीत आहे. ते संरक्षण चिकात उतरते आणि वासराच्या पोटात जाते. १८८६ ची कबुतरे आणि १९२२ ची वासरे यांची गाठ येथे पडते. स्मिथ १९२९ साली निवृत्त झाले आणि १० डिसेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. जंतूचे नाव अद्याप साल्मोनेलाच आहे.