व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे



रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांत बऱ्याच घरांत एक आठवण असते : आमचे पणजोबा लढाईवर गेले होते. पण कुठल्या लढाईत, कोणत्या पलटणीत, ते मात्र कुणाला सांगता येत नाही. अशा घरांसाठी आजचा हा जीवनपरिचय.

जन्म आणि सैन्यात भरती

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. जुन्या कागदांत रायगड शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही, कुलाबा शोधावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देश पारतंत्र्यात होता. तरीही स्वेच्छेने भरती झालेल्या भारतीय सैन्याची संख्या १९४५ पर्यंत सुमारे २५ लाखांवर गेली. यशवंतरावही फौजेत गेले. त्यांची पलटण कागदावर ३/५ अशी लिहिलेली असते. म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. हा अपूर्णांक नाही, हे मुलांना आवर्जून सांगा! ते नाईक झाले, म्हणजे एका छोट्या तुकडीचे प्रमुख.

१० जुलै १९४४

इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन फौजा डोंगर धरून बसल्या होत्या. दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मराठा पलटण तिथे लढत होती. त्या दिवशी यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले एकटे यशवंतराव.

ते थेट मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद पाडले. दुसऱ्याला टॉमी गनने टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते भिडले आणि दोघांनाही मारलं. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चावर त्यांनी प्राण सोडला. वय अवघं २२.

मरणोत्तर सन्मान

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. दिल्लीत तो त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती देण्यात आला. पदक घरी आलं, माणूस आला नाही. त्यांची समाधी कुठेच नाही. ज्यांचा अंत्यविसावा माहीत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर कोरली आहेत, त्यांत यशवंतरावांचं नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

तुकडीतले बाकीचे कोण?

यशवंतरावांचा पराक्रम लिहून ठेवला गेला, कारण त्यांना पदक मिळालं. पण त्याच माऱ्यात पडलेले त्यांचे सोबती? तेही कुणाचे तरी पणजोबा, कुणाचे तरी चुलत आजोबा असणार.

त्यांचीही नोंद शोधता येते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी मोफत पाहता येते. नाव माहीत नसेल तर पलटण आणि तारीख टाकूनही शोध घेता येतो. नोंदीत सैनिकाचा नंबर, हुद्दा, पलटण, आणि अनेकदा वडिलांचं नाव व गावही असतं. मात्र मराठी नावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असतात, तेव्हा दोन-चार प्रकारे लिहून बघा.

जे सैनिक जिवंत परतले ते या यादीत नसतात. त्यांच्यासाठी घरातली जुनी ट्रंक उघडा. पदक सापडलं तर त्याची कड भिंगातून पाहा, तिथे बऱ्याचदा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. सेवामुक्तीचा कागद किंवा पेन्शनचं पुस्तक मिळालं तर फारच उत्तम. नंबर हाती लागला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा पलटणीच्या अभिलेख कार्यालयात विचारता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे.

मुलांना काय द्यावं?

या सुट्टीत मुलांना एवढंच काम द्या : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून विचारायचं, आपल्याकडचं कोण फौजेत होतं? नाव, गाव, पलटण, जे आठवेल ते तारखेसह वहीत लिहायचं. कागद नंतरही शोधता येतील, पण आजी-आजोबांची आठवण पुढच्या वर्षी असेलच असं नाही.