विश्लेषण : तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय कशी लागली? विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी उभे केलेले आणि गमावलेले घर

मुंबईत एनसीपीएच्या ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’चा नवा सीझन जाहीर होतो, तेव्हा वर्गणीदार रसिक सगळ्या कार्यक्रमांचे पैसे आधीच भरून जागा राखून ठेवतात. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाचे सीझन तिकीट काढणारेही तेच करतात. कलाकार मंचावर येण्याआधीच श्रोत्याने आपला वाटा उचललेला असतो. आज यात कोणाला नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र गवयाचे पोट संस्थानिकाच्या मर्जीवर चालत असे आणि सामान्य माणसाला चांगले गाणे ऐकायला मिळणे दुर्मीळ होते. ही घडी बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य खर्च केले, त्यांत पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. त्यांनी काय केले, त्यांना काय जमले आणि काय जमले नाही, याचा हा आढावा.

पलुस्कर मूळचे कुठले?

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. तेव्हा ते पटवर्धनांचे छोटे संस्थान होते, आज कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात येते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगली जिल्ह्यातील पलूस गावावरून पलुस्कर हे नाव पडले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते, त्यामुळे सूर आणि ताल घरातच होते.

कुरुंदवाडजवळच नृसिंहवाडी आहे. गाणगापूरच्या वाऱ्या करणाऱ्या सोलापूरकरांना हे दत्तस्थान वेगळे सांगायला नको. लहानपणी तिथे दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम उडवताना विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी कायमची अधू झाली आणि शाळेचे शिक्षण सुटले. अशा मुलाने पुढे करायचे काय, हा घरच्यांपुढचा प्रश्न होता. उपचारांसाठी मिरजेला नेले असता गाणे शिकवण्याचा सल्ला मिळाला. मिरज संस्थानच्या आश्रयाने पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे तालीम सुरू झाली. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणारे हे थोर गुरू. त्यांच्याकडे विष्णूने सुमारे नऊ वर्षे विद्या घेतली.

त्यांनी मिरज का सोडली?

राजाश्रय होता, गुरू होते, गळा तयार होता. मिरजेतच राहिले असते तर दरबारी गवई म्हणून आयुष्य सुखात गेले असते. पण 1896 मध्ये ते बाहेर पडले. त्यामागे एक प्रसंग सांगितला जातो. एका समारंभाचे निमंत्रण राजाश्रयामुळे त्यांना मिळाले, पण त्यांच्या गुरूंना मिळाले नाही. कारण गवयाला प्रतिष्ठितांच्या पंगतीत बसवण्याची रीत नव्हती. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्यांनी पुढे जे केले त्याची दिशा याच सलाकडे बोट दाखवते. गाण्याला दाद आणि गाणाऱ्याला मात्र खालची जागा, हे त्यांना मान्य नव्हते.

औंध, सातारा, बडोदा, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करत ते पंजाबात पोहोचले. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. हिंदुस्थानी संगीतातील बहुसंख्य बंदिशी त्या भाषेत आहेत आणि शब्द न समजता गाणे त्यांना पटत नव्हते.

तिकिटाच्या जलशाने काय बदलले?

याच प्रवासात त्यांनी दरबाराबाहेर, लोकांसाठी तिकीट लावून जलसे करायला सुरुवात केली. तिकीट ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती, संगीत नाटके तिकिटावरच चालत होती. पण शास्त्रीय गायनाची बैठक कोणालाही पैसे देऊन ऐकता यावी, ही कल्पना नवी होती. या वाटेने गेलेल्या पहिल्या मोठ्या गवयांपैकी ते एक होते.

याचे तीन परिणाम झाले. एक, कारकून, वकील, व्यापारी, शिक्षक अशा मध्यमवर्गाला दरबारी गाणे खुले झाले. दोन, गवयाचे उत्पन्न एका माणसाच्या लहरीवर न राहता अनेकांच्या लहान रकमांवर आले. तीन, कार्यक्रमाला शिस्त आली. ठरलेली वेळ पाळणे आणि कुटुंबासह बसून ऐकता येईल असे गाणे देणे, यावर त्यांचा कटाक्ष होता. शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून तिथे भक्तिपर शब्द घालण्याचे कामही त्यांनी केले. त्यावर टीका झाली आणि अजूनही होते. मात्र घरच्या मुलींना गाणे शिकवायला कचरणारा समाज त्यामुळेच हळूहळू संगीताकडे वळला, हेही तितकेच खरे.

लाहोरचे विद्यालय वेगळे कसे होते?

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. एखाद्या संस्थानिकाच्या खर्चाने नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालणारी ही संगीतशाळा होती. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. तरीही ते नेमाने ठरलेल्या वेळी शाळेत जाऊन बसत. पुढे विद्यार्थी वाढले आणि स्त्रियांसाठीही वर्ग निघाले.

गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा करायची आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा शिकायचे, ही जुनी पद्धत. त्याऐवजी इथे वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी आली. पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ यांसारखी क्रमिक पुस्तके लिहिली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवले. पुस्तकांसाठी छापखाना आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी कारखाना काढला.

सर्वांत महत्त्वाचा होता तो उपदेशक वर्ग. निवडक मुलांनी नऊ वर्षे राहून शिकायचे, त्यांचा राहण्याजेवण्याचा खर्च विद्यालयाने करायचा आणि मुलांनी पुढे संगीतप्रसार करायचा, अशी ती योजना होती. म्हणजे त्यांना केवळ मैफलीचे गवई नको होते, शिक्षक हवे होते.

मग मुंबईची इमारत का गेली?

1908 मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू झाले आणि कामाचे केंद्र लाहोरहून इकडे आले. गिरगावात सँडहर्स्ट रस्त्यावर विद्यालयाची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. संगीत परिषदा भरू लागल्या. बाहेरून सगळे भरभराटीचे दिसत होते.

हिशेब मात्र जुळत नव्हता. उपदेशक वर्गातील मुलांकडून उत्पन्न नव्हते, खर्चच होता. पुस्तके, छापखाना, वाद्ये, शिक्षक यांचा बोजा निराळा. इमारतीसाठी कर्ज काढलेले होते आणि ते फेडण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पलुस्करांनी गावोगावी जलसे करून पैसे आणणे. एका माणसाच्या गळ्यावर अख्खी संस्था उभी होती. वय वाढत होते, दृष्टी आणखी मंदावत होती. त्यातच त्यांचे मन रामभक्तीकडे वळले. ते भगवी वस्त्रे वापरू लागले, तुलसी रामायणावर प्रवचने करू लागले आणि जलसे मागे पडले. कर्ज थकले. अखेर 1924 मध्ये इमारतीचा लिलाव झाला.

सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सीझनकडे पाहिले की या अपयशाचे कारण नेमके कळते. पूर्ण वाद्यवृंदात साधारण ऐंशी ते शंभर वादक असतात. तिकीटविक्रीतून एवढ्यांचा खर्च जगात जवळपास कुठेच पूर्ण भागत नाही. म्हणून वर्गणीदारांकडून आगाऊ रक्कम घेतात आणि उरलेली तूट देणगीदार, न्यास किंवा सरकार भरून काढते. वर्गणीचा फायदा असा, की एखादा कार्यक्रम कमी रंगला किंवा मुख्य कलाकार आजारी पडला तरी वर्ष बुडत नाही. पलुस्करांनी श्रोत्याला तिकीट काढायला शिकवले, पण तिकिटामागची ही दुसरी तरतूद त्यांच्या हाताशी नव्हती. दरबाराची छत्री त्यांनी सोडली होती आणि तिच्या जागी यावी अशी कायमची लोकवर्गणी अजून उभी राहिली नव्हती.

स्वातंत्र्य चळवळीशी त्यांचा संबंध काय?

काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गाणारे गायक म्हणून ते देशभर ओळखले जात. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हाही ते न थांबता पूर्ण गायले. गांधीजींच्या प्रार्थनेतून घराघरांत पोहोचलेल्या रामधुनीची चालही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. साबरमती आश्रमात प्रार्थनेचे संगीत सांभाळणारे आणि 1930 च्या दांडीयात्रेत सहभागी झालेले नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचेच शिष्य.

शेवटची वर्षे कशी गेली?

मुंबईची इमारत गेल्यावर त्यांचे वास्तव्य नाशिकला पंचवटीतील रामनाम आधाराश्रमात होते. घरातील दुःखेही मोठी होती. बरीच अपत्ये लहानपणीच दगावली. 1921 मध्ये जन्मलेला दत्तात्रेय तेवढा राहिला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत, जिथे गाणे शिकले त्याच गावी, वयाच्या 59 व्या वर्षी पलुस्करांचे निधन झाले. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनीच त्याला शिकवले आणि डी. व्ही. पलुस्कर म्हणून तो मोठा गायक झाला. 1955 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्याचेही निधन झाले.

मग उरले काय?

इमारत गेली, पण उपदेशक वर्गावर केलेला खर्च वाया गेला नाही. कर्जाच्या वहीत तोट्याचा दिसणारा हाच विभाग पुढे कामी आला. गुरूंच्या निधनानंतर शिष्य एकत्र आले आणि 1931 मध्येच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली, ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे महाविद्यालय उभे केले. नारायणराव आणि शंकरराव हे व्यास बंधूही त्याच तालमीतले. या शिष्यांनी एकाच इमारतीवर भिस्त ठेवली नाही. शहरोशहरी छोट्या शाळा, समान अभ्यासक्रम आणि परीक्षा शुल्काचे नियमित उत्पन्न, अशी रचना त्यांनी केली. गुरूंच्या योजनेतली उणीव शिष्यांनी भरून काढली ती अशी.

त्याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे शास्त्राची बाजू बांधत होते. दोघांच्या स्वरलेखन पद्धती वेगळ्या, मार्ग वेगळे. पण आज वर्गात बसून गाणे शिकता येते, ते या दोन विष्णूंमुळे. भारतीय टपाल खात्याने 1973 मध्ये पलुस्करांवर तिकीट काढले.

सोलापूरकरांसाठी याचा अर्थ काय?

आपल्या शहरातील एखाद्या गायनवर्गात मुलगी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जाते, तेव्हा ती याच परंपरेतील पायऱ्या चढत असते. हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून मैफल ऐकणारा श्रोताही त्याच परंपरेतला. वर्गाची महिन्याची फी किंवा सीझन तिकिटाचे पैसे ही रक्कम लहान वाटते. पण 1924 मध्ये अशा लहान रकमा वेळेवर आणि नियमाने गोळा होण्याची सोय असती, तर सँडहर्स्ट रस्त्यावरची ती इमारत कदाचित वाचली असती.