विज्ञानतपस्विनी कमलाबाई सोहोनी

विद्येचे मंदिर सर्वांना खुले असावे, हा विचार आज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विशेष आहे, असे आपल्याला वाटतही नाही. शाळेची घंटा होताच मुलगे आणि मुली सारख्याच उत्साहाने वर्गात शिरतात. प्रयोगशाळेत मुलीने परीक्षानळी हाती घेतली, तर कोणी नवल करीत नाही. परंतु ही स्थिती आपोआप आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींना शाळेत पाठविणेच पुष्कळांना मान्य नव्हते. शास्त्रीय संशोधनाचे दार तर त्यांना बहुधा बंदच असे. त्या बंद दाराशी धैर्याने उभ्या राहून ज्यांनी ते स्वतःसाठी आणि आपल्यामागून येणाऱ्या भगिनींसाठी उघडून घेतले, त्यांत डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे जाणकार होते. जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीतून बंगळूर येथे जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तिच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये या दोघा बंधूंचा समावेश होता. साहजिकच भागवतांच्या घरात शास्त्राची चर्चा नित्य चाले. मराठीतील थोर लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीने लोकजीवनाचा शोध घेतला, तर दुसरीने सजीवांच्या पेशींचा. दोघींच्या वाटा भिन्न होत्या. पण निर्भयता आणि ज्ञानाची तळमळ हे गुण दोघींमध्ये सारखेच होते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. गुणानुक्रमे त्या पहिल्या आल्या. वडील आणि चुलते ज्या संस्थेत शिकले, त्याच बंगळूरच्या संस्थेत जाऊन संशोधन करावे, अशी त्यांची लहानपणापासूनची इच्छा होती. त्यांनी मोठ्या आशेने अर्ज केला. गुण उत्तम होते, घराण्यात त्या संस्थेची परंपरा होती. प्रवेश मिळणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

त्या वेळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ होते. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. अवघ्या देशाला त्यांचा अभिमान होता. परंतु मोठी माणसेही आपल्या काळाच्या समजुतींतून सर्वस्वी मुक्त असतात, असे नाही. अर्जदार ही मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून रामन यांनी कमलाबाईंना प्रवेश नाकारला.

हे उत्तर ऐकून कमलाबाईंना अतिशय वाईट वाटले; पण त्या रडत घरी बसल्या नाहीत. वडिलांसह त्या बंगळूरला गेल्या. वडिलांनी आणि चुलत्यांनी रामन यांना विनंती करून पाहिली. तिचा काही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाईंनी स्वतःच संचालकांची भेट घेतली आणि केवळ स्त्री म्हणून आपल्याला का वगळले जात आहे, असा रोखठोक प्रश्न विचारला. महात्मा गांधींच्या दांडीयात्रेला तेव्हा तीनच वर्षे झाली होती आणि सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोहोचला होता. त्याच मार्गाने जाऊन, प्रवेश मिळेपर्यंत येथून हलायचे नाही, असा निश्चय या तरुण मुलीने केला.

बंद दार उघडण्यासाठी असा शांत आणि दृढ आग्रह धरण्याची आणखी काही उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. पुढे १९४७ साली पंढरपूर येथे साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळावा, हा त्यांचा आग्रह होता आणि अखेर ते दार उघडले. एक दार देवाच्या मंदिराचे होते, दुसरे विद्येच्या मंदिराचे. जन्मामुळे कोणाला बाहेर ठेवणे हा अन्याय आहे, हे तत्त्व मात्र दोन्ही ठिकाणी एकच होते.

कमलाबाईंच्या निश्चयापुढे रामन यांना नमते घ्यावे लागले. तरीही त्यांनी काही अटी घातल्या. पहिले एक वर्ष कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांच्या कामाविषयी संचालकांची खात्री पटली, तरच त्यांचे संशोधन मान्य होणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, त्यांना काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीमुळे इतर संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही एक अट होती. या अटी अपमानास्पद होत्या आणि कमलाबाईंना ते पुरते कळत होते. परंतु मान राखण्यासाठी परत फिरावे, तर दार पुन्हा बंद होणार होते. आपल्या कामानेच या अटींना उत्तर द्यावयाचे, असे ठरवून त्यांनी त्या मान्य केल्या.

श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक मोठे कडक शिस्तीचे होते. पण कष्टाळू विद्यार्थ्याचे मोल ते जाणत. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिने म्हणजे शरीराची वाढ आणि झीज भरून काढणारे घटक. आपल्या देशातील बहुसंख्य लोकांना ती डाळी-कडधान्यांतूनच मिळतात. म्हणजे कमलाबाईंचे संशोधन गरिबाच्या ताटातील आमटीशी निगडित होते. वर्ष संपले, तेव्हा त्यांच्या कामावर रामन संतुष्ट झाले होते. १९३६ साली कमलाबाईंना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. याहून मोठी गोष्ट ही की त्यांच्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला गेल्या. केंब्रिज विद्यापीठात सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्यासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. तेथे प्रथम डॉ. रिक्टर यांच्यासमवेत आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केले. हिल हे वनस्पतींच्या जीवनक्रियांचे अभ्यासक होते. त्यांच्याकडे काम करीत असतानाच कमलाबाईंचे लक्ष बटाट्याकडे वळले.

वनस्पती सजीव आहेत, हे आपण जाणतो. बिनतारी संदेशवहनाचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक असलेले आपले जगदीशचंद्र बसू पुढे वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यांनी नाजूक यंत्रे बनवून झाडांची वाढ व त्यांचे प्रतिसाद जगाला दाखविले. कमलाबाईंनी त्याहून आत, पेशीत डोकावून पाहिले. आपण श्वास घेतो, तो प्राणवायू शेवटी शरीराच्या पेशीपेशीत जातो. तेथे अन्नाचे सावकाश ज्वलन होते आणि त्यातून जगण्यास लागणारी शक्ती मिळते. ही शक्ती एकदम बाहेर पडत नाही. दूरच्या विहिरीचे पाणी घरापर्यंत न्यावयाचे असले, म्हणजे माणसे रांगेने उभी राहतात आणि घागर हातोहात पुढे सरकवितात. पेशीतही काही द्रव्ये अशीच रांगेने उभी असतात आणि इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण एकमेकांकडे देत जातात. या रांगेतील एक द्रव्य म्हणजे सायटोक्रोम सी. त्यात लोहाचा अंश असतो; तो कण घेतो आणि पुढच्याला देतो.

प्राण्यांच्या पेशींतील या द्रव्याचा अभ्यास केंब्रिजमध्येच आधी झाला होता. कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि तेथील श्वसनक्रियेत त्याचा वाटा असतो, हे दाखवून दिले. जमिनीखाली निश्चल पडलेला बटाटा आणि धावणारा घोडा यांच्या पेशींत जीवनाची एकच रीत चालते, हे सत्य त्यातून अधिक स्पष्ट झाले.

या विषयावर त्यांनी जो प्रबंध लिहिला, तो केवळ चाळीस पानांचा होता. पांडित्य पानांच्या संख्येवर अवलंबून नसते, हे त्या छोट्या प्रबंधाने सिद्ध केले. १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. पदवी दिली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

परदेशात राहून नाव आणि पैसा मिळविणे त्यांना कठीण नव्हते. परंतु आपल्या ज्ञानाचा उपयोग आपल्या देशबांधवांना व्हावा, या इच्छेने त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांचा अभ्यास केला. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला होता. त्या तेथे प्राध्यापिका झाल्या आणि त्यांच्या हाताखाली अनेक विद्यार्थी तयार झाले.

मुंबईतही त्यांनी सामान्य माणसाच्या अन्नाचा विषय सोडला नाही. कच्च्या कडधान्यांत पचनास अडथळा करणारी काही द्रव्ये असतात. कडधान्ये नीट शिजविली, म्हणजे त्यांचा जोर नाहीसा होतो. आपल्या आजी डाळ चांगली शिजवून घेतात, त्यामागे हे शास्त्र आहे. अशा द्रव्यांचा कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे संशोधन हाती घेतले. ताड, शिंदी यांसारख्या झाडांपासून मिळणारा हा गोड रस पहाटे ताजा असतो. वेळ गेला, की तो आंबू लागतो. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते व कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना ती लाभदायक ठरते, असे त्यांना आढळून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

योग्यता असूनही विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. त्यासाठी काही वर्षे वाट पाहावी लागली. अखेर ते पद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते समर्थपणे सांभाळले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. पण त्यांचे काम थांबले नाही. बाजारात मिळणारे अन्न शुद्ध असावे आणि गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, यासाठी ग्राहकांच्या हिताचे कार्य करणाऱ्या संस्थेत त्या झटल्या. काही काळ त्या तिच्या अध्यक्षाही होत्या. भेसळ ओळखण्याचे शास्त्र त्यांनी साध्या भाषेत गृहिणींपर्यंत पोहोचविले.

उतारवयात त्या आपल्या विद्यार्थिदशेविषयी बोलत, तेव्हा रामन यांचे शास्त्रज्ञ म्हणून असलेले थोरपण त्या मान्य करीत. मात्र स्त्री म्हणून आपल्याला मिळालेली वागणूक त्या विसरल्या नव्हत्या आणि तसे स्पष्टपणे सांगण्यास कचरतही नसत. मोठ्या माणसाचा आदर करावा; पण त्याच्या हातून अन्याय झाला असेल, तर त्याला अन्याय म्हणावे, हा त्यांचा बाणा होता. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंना धन किंवा सत्ता यांचे बळ नव्हते. आपली बाजू न्यायाची आहे, हा विश्वास आणि ती कामाने सिद्ध करण्याची तयारी, एवढेच त्यांचे बळ. बंगळूरच्या त्या दालनाबाहेर त्या अडून राहिल्या नसत्या, तर त्यांची स्वतःची विद्या तेथेच खुंटली असती आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या कितीतरी मुलींना तेच नकाराचे उत्तर ऐकावे लागले असते. आज एखादी मुलगी प्रयोगशाळेत निःशंकपणे सूक्ष्मदर्शकावर डोळा लावते, तेव्हा तिच्या त्या निःशंकपणात कमलाबाईंच्या निश्चयाचा वाटा असतो.